खोटा चहा सांडला तरी पुसून घ्या

नागपुरात जुन्या वस्तीत माझी छोटी बालवाडी आहे. अडीच ते साडेपाच वर्षांची मुलं, पुढे ओसरी, मागे आंगण, आंगणात सीताफळाचं झाड आणि झाडाखाली भातुकलीची जागा. पालक भेटायला आले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आमची दिवसभर आपल्याच दुनियेत राहते. रिकाम्या वाटीत काय खाते, कोणाला काय विकते. हिला खरं-खोटं समजते ना?"

समजतं. बहुतेक वेळा चांगलंच समजतं. गडबड होते ती मोठ्यांची. आपण मध्येच खेळ मोडतो, किंवा खेळाचं परीक्षा-केंद्र करतो, किंवा घाबरलेल्या मुलाला "काही नाही तिथे" सांगून मोकळे होतो. म्हणून हे लिहिते आहे: मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते घरच्या घरी कसं बघायचं आणि त्या खेळात मोठ्या माणसाने कसं बसायचं. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. माझी भाची ते कॉलेजात शिकवते. तिने वाचायला दिलेलं आणि माझ्या आंगणात रोज दिसतं ते, असं दोन्ही इथे आहे.

आधी दोन कप घ्या

एकसारखे दोन रिकामे कप आणि एक रिकामी किटली किंवा गडू. मूल दोन वर्षांच्या पुढचं हवं. पोट भरलेलं आणि झोप झालेली हवी. भुकेल्या मुलाला रिकामा कप दाखवणं हा खेळ नाही, छळ आहे.

किटली त्याच्या हातात द्या. "दोघांसाठी चहा ओत ना" म्हणा. त्याने ओतल्यासारखं केलं की "बघ हं" म्हणत एक कप उचला, पालथा करा, जरासा झटका आणि पुन्हा सरळ जागेवर ठेवा. मग विचारा, "भरलेला कप कोणता? रिकामा कोणता?"

दोन्ही कप सकाळपासून रिकामेच आहेत. तरी मूल पालथ्या केलेल्या कपाकडे बोट दाखवून म्हणतं, "हा रिकामा." ॲलन लेस्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन वर्षांच्या मुलांबरोबर हाच प्रयोग केला होता, आणि एवढ्या लहान मुलांना तो जमतो हे दाखवलं होतं. घरी करून बघितल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. कारण मुलाने इथे एकाच वेळी दोन हिशोब सांभाळलेले असतात. एक खरा: कपात काही नाही, म्हणून ते कप उचलताना सांडायची भीती बाळगत नाही, आणि खरी तहान लागली की "पाणी दे" म्हणून तुमच्याकडेच येतं. दुसरा खेळातला: चहा ओतला, एक कप पालथा झाला, म्हणजे त्यातला चहा गेला. दुसऱ्या हिशोबात त्याला कोणी काही शिकवलेलं नाही. पालथ्या भांड्यातून पातळ पदार्थ खाली पडतो, हे खऱ्या जगातलं ज्ञान त्याने आपणहून खेळात लावलं.

लेस्लीने 1987 मध्ये याबद्दल एक गाजलेला लेख लिहिला. त्यात केळ्याचा फोन करण्याचं उदाहरण आहे. आई केळं कानाला लावून "हॅलो" म्हणते, तेव्हा मुलाच्या डोक्यात "फोन म्हणजे पिवळी, सोलून खायची वस्तू" अशी चुकीची नोंद का होत नाही? ते वय तर शब्द शिकण्याचं. तेव्हा काहीही शिकवलं तर घोळ व्हायला हवा. लेस्लीचं म्हणणं असं, की मेंदू खेळातली माहिती खऱ्या माहितीपासून सुटी करून ठेवतो. म्हणून फोन संपला की तेच केळं सोलून खाल्लं जातं आणि कोणाला काही विचित्र वाटत नाही.

प्रयोग करताना दोन गोष्टी सांभाळा. मूल "दोन्ही रिकामे" म्हणालं तर तेही बरोबरच आहे. ते क्षणभर खेळाच्या बाहेर आलं आहे, इतकंच. "हो, खरंच रिकामे. पण आपल्या खेळातला भरलेला कोणता?" असं विचारून बघा. आणि बरोबर उत्तर आलं म्हणून टाळ्या पिटू नका. टाळ्या पिटल्या की खेळ संपतो, परीक्षा सुरू होते.

मग चहा सांडा

पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक वात्रट टेडी होता. तो खेळण्यातल्या दुसऱ्या प्राण्यावर खोटा चहा ओतायचा, आणि दोन वर्षांची मुलं सांगायची की तो प्राणी ओला झाला. प्राणी अर्थातच कोरडा ठणठणीत.

आमच्याकडे टेडीच्या जागी कापडी माकड आहे. ते पोह्यांवर तर्री ओतता ओतता सशाच्या डोक्यावर ओततं. एकदा एका सव्वादोन वर्षांच्या पोराने (ताईला सोडायला आलेलं, अजून बालवाडीत नाव नव्हतं) माकडाकडे रागाने पाहिलं, स्वतःच्या शर्टाच्या टोकाने सशाचं डोकं पुसलं आणि वर फुंकर मारली. फुंकर का? तर तर्री गरम असते.

म्हणून माझा पहिला नियम: खेळात काही सांडलं तर पुसून घ्या. खरा फडका घ्या किंवा खोटा घ्या, पण पुसा. मोठी माणसं खोटा चहा पितात आणि खोट्या सांडलेल्या चहावरच बसतात. मुलाला ते खटकतं. त्याच्या दृष्टीने खेळ म्हणजे "काहीही चालतं" नव्हे. एक गोष्ट ठरली, की तिच्यामागून जे जे यायला हवं ते यायलाच हवं. हॅनेस राकोत्सी या संशोधकाने तीन वर्षांच्या मुलांबरोबर बाहुली खेळवून हेच पाहिलं. खेळात ज्या वस्तूला जे ठरलं आहे त्याच्याविरुद्ध बाहुली वागली, की मुलं हरकत घेतात: असं नाही करायचं! माझ्याकडे याचा पुरावा शोधावा लागत नाही. ठोकळा साबण ठरलेला असताना कोणी तो खाल्ला, की आंगणातून ओरडा येतो, "ताई, हा साबण खाऊन राहिला!"

बसायचं कसं

तुम्ही खेळत आहात हे मुलाला कळतं कशावरून? त्याला तुम्ही प्रत्येक वेळी "हे खोटं-खोटं बरं का" असं सांगत नाही. ॲंजेलिन लिलार्ड आणि डेव्हिड विदरिंग्टन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड वर्षाच्या मुलांच्या आयांना एकदा खरा खाऊ खायला सांगितला आणि एकदा खोटा. खोटा खाऊ खाताना आयांच्या वागण्यात आपोआप फरक पडला. त्या मुलाकडे जास्त बघत होत्या, जास्त आणि लांब हसत होत्या, हात जास्त वेगाने हलवत होत्या, तोंडाने आवाज जास्त काढत होत्या. मूल या खुणा वाचतं.

तेव्हा लहान मुलाबरोबर खेळताना या खुणा मुद्दाम ठळक करा. भुर्रर्र करून प्या. गरम लागल्यावर "हाऽऽ" करा. घोट घेतल्यावर त्याच्या डोळ्यांत बघा आणि हसा. आजोबा मंडळींची इथे पंचाईत होते. ते कप घेतात, पेपरवरची नजर न काढता तोंडाला लावतात आणि गंभीरपणे "छान झालाय" म्हणतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला यात खेळाची खूण एकही दिसत नाही. साडेचार वर्षांच्या नातीला मात्र असे गंभीर आजोबा फार आवडतात. तिला आता खुणांची गरज नसते, उलट चेहरा सरळ ठेवून खेळणारं गिऱ्हाईक तिला खरं गिऱ्हाईक वाटतं.

बसा जमिनीवर. खुर्चीवरून खेळू नका. फोन उपडा ठेवा. खरा फोन आला आणि घ्यावाच लागला, तर खेळातल्या माणसाला सांगून उठा: "मावशी, माझा फोन आलाय, भाजी झाकून ठेवा." मुलं दहा मिनिटांनीसुद्धा भाजी झाकलेली ठेवतात.

आणि कृपा करून प्रश्नपत्रिका काढू नका. "हा टमाटर कोणत्या रंगाचा? किती आहेत? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" मूल भाजीवाली झालेलं असतं. भाजीवालीला कोणतं गिऱ्हाईक टमाटरचा रंग विचारतं? भाव विचारा. घासाघीस करा. "सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी फुकट टाका" म्हणा. आकडे शिकवायचेच असतील तर ते त्या घासाघिशीत येतात, आणि आले नाहीत तरी काही बिघडत नाही.

हातात काय द्यायचं

बाजारात प्लास्टिकचे किचन सेट मिळतात, गॅसच्या शेगडीला दिवा लागतो, कुकरची शिट्टी वाजते. घ्यायचा तर घ्या. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागतेच. कप कपासारखा, फोन फोनसारखा. साधारण साडेतीनच्या आसपास मूल रूपाला बांधलेलं राहत नाही. काडी चालते, चप्पल चालते, काही नसलं तरी चालतं. त्या वयाला मात्र शिट्टीवाला कुकर अडचण होतो, कारण तो कुकरच राहतो. माझ्या आंगणात सगळ्यात जास्त मागणी नारळाच्या करवंट्यांना असते. त्या टोपी होतात, कासव होतात, तराजूची पारडी होतात. बाकी सामान म्हणजे जुन्या ओढण्या, खोके, सुतळी, रिकामे बिस्किटांचे पुडे आणि एक मोडका इस्त्रीचा डबा. धार, काच, गिळता येईल असं बारीक काही, आणि बटण-सेल यांना बंदी. चपटे बटण-सेल असलेली खेळणी तर घरातच नको. ते गिळले तर अन्ननलिका जळते.

वयाचा फरक बघायचा एक सोपा प्रकार. मुलाला म्हणा, "ब्रश नाहीये, पण दात घासून दाखव." तीन-चार वर्षांचं मूल बोटच दातांवर फिरवतं. बोट हाच ब्रश. सहा ते आठच्या दरम्यान मूठ तोंडापासून थोडी दूर धरली जाते, जणू तिच्यात न दिसणारा ब्रश आहे. ओव्हर्टन आणि जॅक्सन यांनी 1973 मध्येच हे नोंदवलं आहे. घरात दोन भावंडं असतील तर दोघांना एकत्र करायला लावू नका, धाकटं मोठ्याचं बघून करतं. वेगवेगळं विचारा.

इथे एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते, कारण पालक तिला खेळ समजतात. दीड-दोन वर्षांचं मूल कधी कधी तळहाताएवढ्या खेळण्यातल्या गाडीत पाय घालायला जातं, अगदी मनापासून, आणि पाय जात नाही म्हणून चिडतं. हा खोटा-खोटा खेळ नाही. ज्यूडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याचा अभ्यास छापला. गाडी ओळखली जाते, पण तिच्या आकाराचा हिशोब त्या क्षणी कृतीत उतरत नाही. अडीच वर्षांच्या पुढे हे सहसा दिसत नाही. गाडी तुटू नये एवढं बघा, बाकी काही करायची गरज नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा (बैलासाठीची खुशाली) मागायला जातात. त्या दिवशी बैलापुढे गवत टाकणाऱ्या मुलांना नीट बघा. गवत टाकतात, बैलाच्या तोंडाशी हात हलवून "खाल्लं" म्हणतात, आणि गवत तिथेच पडलेलं असतं याचं कोणालाही आश्चर्य वाटत नाही. पण कोणी बैलाला लाथ मारली तर रडारड होते.

दोन खेळ, दोन घरं

ओसरीवर डॉक्टर-डॉक्टर चाललेलं असतं आणि झाडाखाली हॉटेल. दोन्हीकडे ठोकळेच. मोठ्यांना वाटतं, ठोकळा तो ठोकळा, इकडचा तिकडे दिला तर काय झालं? डीना वाइसबर्ग आणि पॉल ब्लूम यांनी 2009 मध्ये दाखवलं, की तीन-चार वर्षांची मुलं एकाच वेळी दोन खोटी जगं वेगवेगळी ठेवतात. एका खेळातली वस्तू, एकच ठोकळा असला तरी, दुसऱ्या खेळात त्याच नावाने नेऊन वापरायला ती राजी नसतात. त्यांच्या आधीच्या एका अभ्यासात मुलांनी असंही सांगितलं होतं, की एका कार्टूनमधलं पात्र दुसऱ्या कार्टूनमधल्या पात्राला खरं मानत नाही. म्हणजे डोक्यात नुसतं "खरं" आणि "खोटं" असे दोन भाग नाहीत. खोट्यातही गावं आहेत, आणि गावांना वेशी आहेत.

याचा उपयोग भांडणात होतो. दवाखान्यातल्या इंजेक्शनचा ठोकळा हॉटेलवाल्याने आलुबोंडा म्हणून नेला की जे युद्ध पेटतं, ते "हट्टीपणा" नसतं. दोघांचंही बरोबर असतं. "वाटून घ्या" या उपदेशाने ते मिटत नाही. मी विचारते, "हे इंजेक्शन हॉटेलात कसं गेलं?" मग बहुधा मुलंच वाट काढतात. हॉटेलवाल्याला ताप येतो, किंवा डॉक्टर नाश्त्याला जातात.

त्यांना अजून काय कळत नाही

आता उलट बाजू. मूल खेळ उत्तम खेळतं, पण "खेळणं म्हणजे मनात काहीतरी धरणं" हे त्याला कळतं का? लिलार्डबाईंनी 1993 मध्ये मुलांना एका बाहुल्याची गोष्ट सांगितली. त्याचं नाव मो. तो दुसऱ्याच देशातून आलाय, त्याला कांगारू म्हणजे काय हे माहीतच नाही. पण तो कांगारूसारख्या उड्या मारतोय. तो कांगारू झाल्याचं सोंग करतोय का? मोठा माणूस म्हणेल, छे, माहीतच नाही तर सोंग कसलं? चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, "हो, कांगारू झालाय." उड्या मारतोय ना, मग झालं. पाच वर्षांच्याही बऱ्याच मुलांचं उत्तर हेच.

तज्ज्ञांत यावरून मोठा वाद आहे. लेस्लीच्या मते दुसऱ्याचं मन समजण्याची सुरुवातच या खेळात होते. लिलार्डच्या मते लहान मूल सोंगाकडे मुख्यतः कृती म्हणून बघतं, मनातली गोष्ट म्हणून नंतर. मला विचाराल तर आंगणात मला लिलार्ड जास्त वेळा दिसतात. चार वर्षांच्या मुलाने वाघ होऊन दुसऱ्याला बोचकारलं. आपण रडणाऱ्याला समजावतो, "अरे, तो खेळत होता, त्याच्या मनात तसं नव्हतं." हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला कृती दिसते. म्हणून मी कृतीतच बोलते: "वाघाची नखं आत. हा वाघ पंजा हवेत मारतो." वाघाला दाखवते, पंजा कुठवर येऊ द्यायचा ते. वाघही खूश, हरीणही खूश.

रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की 1933 मध्ये एका व्याख्यानात खेळाबद्दल बोलले होते. त्यात त्यांनी जुन्या निरीक्षणातल्या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं, एक पाच वर्षांची, एक सात. त्या "बहीण-बहीण" खेळतात. एरवी त्या बहिणी आहेतच, पण खेळात त्या बहिणींसारख्या वागायचा प्रयत्न करतात: सारखे कपडे, हातात हात, एकमेकींना सांभाळून घेणं. व्हिगॉट्स्कींचा मुद्दा हा, की प्रत्येक खेळात, वरून कितीही मोकाट दिसला तरी, नियम असतात आणि मूल ते आवडीने पाळतं. घरात धाकट्या भावाला ढकलणारी मुलगी आंगणात "आई" झाली, की त्याच भावाला शेंबूड पुसून देते. तिला तेव्हा "घरी पण अशीच वाग हं" असं म्हणू नका. ती आई आहे, तिला कोण सांगणार कसं वागायचं!

बागुलबुवाचं काय करायचं

हॅरिस आणि सहकाऱ्यांचा 1991 चा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि तिच्यात एक प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितली. काहींना ससा, काहींना भुताटकीसारखा राक्षस. मुलांनी स्पष्ट सांगितलं, की हे खोटं-खोटं आहे, पेटी रिकामी आहे. मग प्रयोग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, मी जरा बाहेर जाऊन येते. लहानांपैकी काहींनी राक्षसाच्या पेटीसोबत एकटं राहायला नकार दिला. एकटी राहिलेल्यांपैकी बरीच जण पेटीशी गेली, काहींनी उघडून बघितली.

म्हणजे माहीत असूनही शंका येते. यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. मध्यरात्री भुताची गोष्ट ऐकून संडासला जाताना आपणही दिवा लावतोच.

म्हणून "तिथे काही नाही, घाबरायचं काय?" हे वाक्य फुकट जातं. काही नाही हे त्याला माहीत आहे. त्याच्याशी वाद न घालता त्याच्या हातात सत्ता द्या. पलंगाखालचा राक्षस असेल तर बॅटरी त्याच्या हातात, पुढे तो, मागे तुम्ही. किंवा खेळ बदला: राक्षसाला काय खायला आवडतं? त्याला झोप येते का? त्याची आई त्याला हाक मारत असेल का? माझ्याकडचा एक राक्षस पुरणपोळी खाऊन पेंगला आणि त्याच्यामागे कोणी लागलं नाही. पण खेळ बदलायचा की दिवा लावायचा, ते मुलाचा चेहरा बघून ठरवा. खरोखर थरथरत असेल तर खेळ सोडा, उचलून घ्या, दिवा लावा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. जेवत नाही म्हणून "बुवा येईल", झोपत नाही म्हणून "पोलीस नेईल". मूल स्वतः उभा केलेला बुवा स्वतः घालवू शकतं. तुम्ही उभा केलेला तुमच्याच परवानगीने जातो, आणि तुम्ही तो कामासाठी ठेवलेला असतो.

न दिसणारी मैत्रीण

हिच्यावरून आज्या फार घाबरतात. काही आज्या थेट नजर काढतात. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या साधारण दोन-तृतीयांश मुलांचा कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता. यात जीव आहे असं मानून वागवलेल्या बाहुल्याही धरलेल्या आहेत. ही मुलं एकटी किंवा लाजाळूच असतात असं नाही. सोबती खरा नाही हे त्यांना माहीत असतं. काही तर मुलाखत घेणाऱ्या बाईंनाच आठवण करून देतात की ती खोटी आहे बरं का. मुलीने तिच्यासाठी ताट मागितलं तर वाटी द्या, फार तर. पण तिच्याबद्दल तुम्ही स्वतःहून नवं काही घडवू नका. मैत्रीण तिची आहे.

याने मूल हुशार होतं का

होईलही, नाहीही. 2017 च्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी टॅबलेटवर खेळ. जी मुलं स्वतःला बॅटमॅन किंवा तसं आवडतं पात्र समजून, "बॅटमॅन काम करतोय का?" असं विचारत बसली, ती सर्वात जास्त टिकली. हे मी वापरते. खेळणी आवरायच्या वेळी मुलांना नाही, मालगाडीच्या हमालांना बोलावते.

पण लिलार्ड आणि सहकाऱ्यांनीच 2013 मध्ये तोवरचे सगळे अभ्यास तपासून लिहिलं, की अशा खेळाने बुद्धी, सर्जनशीलता वगैरे वाढतेच असा पक्का पुरावा नाही. खेळण्यांच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. मारिया माँटेसरींचा तर खेळण्यातल्या स्वयंपाकघरापेक्षा खऱ्या कामावर भर होता: खरी काचेची भांडी, खरं पाणी, खरं झाडणं-पुसणं. मला दोन्ही पटतं. आठवड्यातून एकदा माझ्याकडे मुलं खऱ्या कणकेच्या पोळ्या लाटतात. वाकड्यातिकड्या भाजून खातातही. आणि त्या दिवशीसुद्धा कोणीतरी उरलेल्या कणकेचा साप करतंच. खेळू द्या, कारण त्यांना खेळायचं असतं. एवढं कारण पुरे.

कधी दाखवून घ्यावं

दीड वर्षाच्या सुमारास बाहुलीला भरवणं, रिकाम्या कपातून पिणं, फोन कानाला लावणं असं काही ना काही दिसू लागतं. दोन वर्षं पूर्ण होत आली तरी असं काहीच नाही, शिवाय मूल बोट दाखवून वस्तू दाखवत नाही, हाक मारल्यावर बघत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर वाट बघू नका. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक तपासणीत डॉक्टर या खेळाबद्दल आणि बोट दाखवण्याबद्दल विचारतात ते याचसाठी. "मुलगे उशिराच बोलतात" हे शेजारणीचं निदान ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी फुकट होते. अंगणवाडी ताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतात. एकट्या खेळाच्या अभावावरून काही ठरत नाही, पण तपासून घेण्यात नुकसान नाही.

खेळ बंद कसा करायचा

जेवायची वेळ झाली आणि दुकान ऐन रंगात आहे. "चला, पुरे झालं, उचला सगळं" म्हटलं की आरडाओरडा ठरलेला. खेळ आतून बंद करायचा. मी गिऱ्हाईक होऊन जाते आणि विचारते, "शेठ, दुकान किती वाजता बंद होते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आता करूनच राहिलो." नाही आलं, तर शटर अर्धं खाली ओढायचा आवाज काढते. शिल्लक माल खोक्यात जातो, गल्ला मोजला जातो, कोणीतरी कुलूप लावतं. किल्ली माझ्याकडे देतात. ती मी घेते आणि पदराला गाठ मारून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्याच मिनिटाला ती मागितली जाते आणि तेव्हा माझ्याकडे ती असावी लागते.